इसिद्रोचं वय

ऑक्टोबर लागला की एस्पान्योलात
मिरच्या भाजायची लोखंडी पिंपं फिरू लागतात चौकाचौकात,
आणि मी शटर खाली ओढतो.
ओल्या क्लिअर कोटला काजळीचा एक कण पुरतो
वर्षभर डोळ्यांत खुपायला.

त्याच आठवड्यात ओर्लिंदा येते.
चौसष्ट सालची इम्पाला, चार दारांची, वांगी रंगाची,
उन्हात आली की आतून तांबूस पेटणारी.
(तो रंग माझ्या हातचा. नऊ हात मारलेत.
नववा, माझी बायको बाळंत होत होती त्या रात्री.)
किल्ली टेबलावर ठेवते. म्हणते,
"देल्फिनो, यंदा तीस."

एवढंच.

बॉनेटवर तिचा मुलगा आहे, इसिद्रो.
एकोणिसाव्या वर्षी गेला, ताओसच्या रस्त्यावर,
दुसऱ्याच्या गाडीत, मागच्या सीटवर, झोपेत.
पहिल्यांदा मी फोटोबरहुकूम काढला.
पुढच्या वर्षी ती म्हणाली, मिशी दाट झाली असेल आता.
मी हसलो नाही. हवा कमी केली,
ओठावर थोडं धुकं सोडलं.

मग दर वर्षी थोडं थोडं.
चोविसाव्याला मान भरली, ती मामाकडून उचलली.
सव्विसाव्याला केस मागे सरकले, ते बापाचे.
बाप अजून आहे, अल्बुकर्कीत, दुसऱ्या घरात.
कुणाच्या मयतीला आला की मी मागच्या बाकावरून
त्याचं डोकं बघत राहतो.
अठ्ठाविसाव्याला ती म्हणाली, जरा दमलेला दाखव,
नोकरी असेल ना.
त्या दमण्यासाठी मला कुणाकडे जावं लागलं नाही.

काम असं: आधी डोळ्यांवर टेप.
डोळे अकरा वर्षांत कधी बदलले नाहीत.
मग आठशेचा पाणकागद, बादलीत साबणाचे दोन थेंब,
हात सरळ रेषेत, गोल गोल नाही.
गेल्या सालचा गाल दुधासारखा ओघळतो
बंपरवरून फरशीवर, फरशीवरून मोरीत.
दर वेळी जीव चरकतो.
पण न घासता रंगवलं तर थर जाड होतो आणि तडकतो,
मग तो कुणाच्याही पोराचा असो.

तीळ शेवटी.
डाव्या गालावर, ब्रश अगदी जवळ नेऊन, श्वास धरून.
हल्ली हाताला कंप आहे,
सकाळी कमी, जेवल्यावर जास्त,
म्हणून तीळ सकाळी.

ओर्लिंदा स्टुलावर बसली होती, हातात निवलेली कॉफी.
म्हणाली, "उजव्या गालावर होता."

मी कॉम्प्रेसर बंद केला.
"काय?"

"तीळ. तो फोटो त्यानं आरशात काढलेला."

अकरा वर्षं.
अकरा तीळ, एकावर एक, सगळे चुकीच्या गालावर.

"मग बोलली का नाहीस?"

तिनं कप खाली ठेवला. कपाखाली माझाच टेपचा तुकडा चिकटला,
तो सोडवत बसली.
"पुढे माझी आई बसायची. गुडघे दुखायचे तिचे.
मी मागे, मधोमध.
तो चालवायचा, आणि मला दिसायचा
त्या एवढ्याशा आरशात.
रोज. मिलपर्यंत आणि परत.
मला तो असाच ठाऊक आहे, देल्फिनो."

बदलू का, असं विचारणार होतो.
नुसती हवा सोडत राहिलो थोडा वेळ, रंगाशिवाय.
मग तीळ टाकला. होता तिथेच.
कानाजवळ एक पांढरा केसही काढला,
तिनं सांगितला नव्हता.
माझा पहिला तिसाव्यालाच आला होता.

तिला दिसला की नाही, कळलं नाही.
क्लिअर मारून मी मुखवटा उतरवला तेव्हा
ती गाडीला वळसा घालून गेली होती,
मागचं दार उघडून
मधोमध बसली होती, पर्स मांडीवर घेऊन.

सुकायला अजून चार तास होते.