एक्कावन्न दात

गेथिनने काउंटरवर ठेवली कॅसेट.
मागची चकती ताटलीएवढी,
एक्कावन्न दात.
“हिच्यापुढे डोंगर सपाट,” म्हणाला.

एलुनेड हसली. त्रेसष्टाव्या वर्षी
तिचे स्वतःचे एकोणीस उरलेत.

जुनी होती अकरा-चौतीसची. तिच्यावर
वीस वर्षं वेल्समधले चढ
दातओठ खाऊन चढली,
इद्वालच्या मागच्या चाकाकडे बघत.
तो कधी उतरला नाही. थांबलाही नाही.

आता पुढे कुणाचंच चाक नाही.

“दोन गिअरमधली उडी मोठी पडेल हं,
पाय अडखळतील सुरुवातीला.”
“अडखळू देत.”

लांब डिरेलर, नवी साखळी, वजनही जास्त.
तिने ते तळहातावर तोललं,
गुडघ्याला विचारलं,
आणि पैसे मोजता मोजता म्हणाली,
मेंढ्यांच्या चालीने जायचंय मला वर,
त्यांची तोंडं बघत.