सातवी पायरी

टॉडमॉर्डनमधलं आमचं घर दगडी.
भिंती दोन फूट जाड,
कुण्या काळी गिरणीतल्या माणसांसाठी उभारलेल्या.
शेजारचे मिस्टर ॲकरॉइड, जन्मभर टेलिफोनच्या खांबांवर चढलेले,
भिंतीवर थाप मारून म्हणाले,
ही वाऱ्याला दाद देत नाही, तुझ्या वायफायला काय देणार!

राउटर खाली, रस्त्याकडच्या खोलीत,
तार घरात शिरते तिथेच.
आर्जव वर, माळ्यावर,
पंधरावं लागल्यापासून.
"आई, रेंज नाही!"
एवढं एकच वाक्य वरून खाली पोचतं,
तेही तो ओरडतो म्हणून.

मग तो जिन्यात येऊन बसतो.
खालून मोजली तर सातवी पायरी.
जिना तिथे वळतो, कोपऱ्यात एक प्लग आहे,
आणि फोनवर दोन रेघा मिळतात.
मी स्वयंपाकघरातून बाहेर आले
की कठड्याच्या गजांमधून त्याचे मोजे दिसतात,
एक करडा, एक कुठला तरी.
जाता जाता विचारते, भूक लागली का?
हं, म्हणतो.
हे हं होकाराचं की नकाराचं
ते मी अंगठ्यावरून ओळखते.
थांबला, तर हो.

शनिवारी हॅलिफॅक्सला गेले.
वीस पौंडांच्या वर जायचं नाही,
गॅसचं बिल नुकतंच येऊन पडलं होतं.
दुकानातल्या पोराच्या छातीवर कॅलम लिहिलेलं.
त्याने खोकी मांडली:
चौदाचं, अठराचं,
आणि तीन डब्यांचा एक संच, नव्वदचा,
तो मी हातातही घेतला नाही.
खोक्यावर भला मोठा आकडा, बाराशे.
त्याच्या आधी, मुंगीच्या पायाएवढं, "पर्यंत."
हा शब्द माझ्या ओळखीचा.
माझ्या नोकरीच्या पत्रातही
पगाराच्या आधी तोच बसला होता.

चौदाच्यात काय कमी आहे?
कॅलम म्हणाला, ऐकणं नि बोलणं एकाच वाटेनं.
ऐकताना बोलत नाही, बोलताना ऐकत नाही,
म्हणून वेग निम्मा.
अठराच्याला दोन वाटा आहेत.
फक्त चार पौंडांत हे जमत असेल
तर म्हटलं, द्या बाबा.

पैसे घेता घेता तो म्हणाला,
लोक एक चूक हमखास करतात,
जिथे रेंज नसते तिथेच हा नेऊन लावतात.
याच्यापर्यंतच काही आलं नाही
तर हा पुढे काय देणार?
जिथवर थोडं पोचतंय, तिथे लावा.
मधे कुठेतरी.

मी तिथल्या तिथे मनात जिना चढले.
पाच. सहा.
"प्लग आहे का तिथे?"
आहे, म्हटलं, पण तिथे कुणीतरी बसतं.
त्याला विनोद वाटला.

परतीच्या बसमध्ये खोकं मांडीवर.
बाहेर टेकड्या, मेंढ्या, ओल्या दगडांचे बांध.
पावती दोनदा वाचली.
तीस दिवसांत परत करता येतं.

रविवारी आर्जवनेच लावला.
लाल दिवा, मग नारिंगी, मग बराच वेळ नारिंगीच,
मग हिरवा.
याला नवं नाव द्यायचं का, मी विचारलं.
"नको, जुनंच ठेव. पासवर्डपण तोच.
म्हणजे फोनला कळतही नाही
आपण कुणाचं ऐकतोय."
आठवड्यातलं त्याचं सगळ्यात लांब बोलणं.
मग दोन दोन पायऱ्या एकदम चढत वर गेला.

ॲकरॉइड कुंपणावरून विचारतात, चालला का अठरा पौंडांचा?
चालला, म्हणते. छान चालला.

आता गजांमधून नुसता हिरवा ठिपका दिसतो.
वरून कधी हसणं ऐकू येतं,
कोणाशी, कशावर,
ते भिंत काही सांगत नाही.

काल भात झाला तेव्हा
हाक मारायला म्हणून जिन्यात गेले
आणि सातव्या पायरीवरच बसले.
दगड गार. रेंज मात्र भरपूर, चारही रेघा.
लिहिलं, भूक लागली का?
लगेच दोन निळ्या खुणा,
आणि लगेच उत्तर:
हं.

अंगठा दिसत नव्हता.