हुरड्याच्या डोक्याचं माप

पहिल्यांदा पडला तेव्हा आम्ही दोघंही हसलो.
तीनच पायऱ्या. चौथीवर बूड टेकून
आपणच बसायचं ठरवल्यासारखा बसला होता.
दुसऱ्यांदा रात्र होती.
अकरा पायऱ्यांचा आवाज मी अंथरुणात मोजला
आणि बाराव्याची वाट बघत राहिले.

हुरड्याच्या दिवसांत सापडला म्हणून हुरडा.
आता तेरा वर्षांचा, दोन्ही डोळ्यांत दुधी काच.
डॉक्टर म्हणाले, जिना बंद करा.
जिना बंद कसा करायचा?
आम्ही वरच झोपतो.

आधी प्रल्हादनं कूलरचं खोकं आडवं लावलं.
हुरड्यानं ते ढकलत काठापर्यंत नेलं.
खोकं गेलं खाली. हुरडा थांबला, नशीब.
मग पार्सलनं एक जाळी आली,
स्प्रिंगच्या दाबानं दोन भिंतींत बसणारी,
ड्रिल नको, स्क्रू नको, पाच मिनिटांत तयार.
मी तळहातानं रेटली. हातात आली,
डिस्टेंपरचे चार गोल सोबत घेऊन.
जिन्याच्या पायथ्याला चालेल असली.
वरच्या तोंडाशी नाही.
तिथं भिंतीनं स्वतः धरून ठेवायला हवं.

जालन्यात राहून लोखंड पार्सलनं मागवलं
म्हणून वाजेद मिस्त्री आधी पोटभर हसला.
मग म्हणाला, आडी पट्टी नक्को बाजी,
आडी पट्टी मतलब सीढी.
सगळ्या सळया उभ्या.
खाली उंबरा नको, अंधारात पाय अडखळतो.
दार खोलीकडे उघडेल, जिन्यावर नाही.
कडी एका हातानं निघेल अशी,
कारण दुसऱ्या हातात कायम काहीतरी असतं.
आणि दोन सळयांत जागा किती?
सर का नाप लाओ, म्हणाला.

मी बियाण्याच्या लॅबमध्ये आहे.
शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळायचे,
आठव्या दिवशी उगवलेले मोजायचे.
तिथलं कॅलिपर पर्समधून घरी आणलं.
हुरड्याला वाटलं खायला आहे.
कानांच्या मधे अकरा सेंटीमीटर,
नाक साडेतीन.
वाजेदनं कागद बघून मान हलवली:
नाक पहले जाता ना, इसलिए सर फसता.
मग तीनच ठेवली.
टोकं घासून झाल्यावर
प्रत्येक टोक त्यानं स्वतःच्या गालावरून फिरवून बघितलं.

गेट बसलं.
भोकं पाडताना विटांची लाल भुकटी थेट उशीवर.
उंची कमरेच्या जरा खाली.
हुरडा पहिल्या दिवशी धडकला,
दुसऱ्या दिवशी मिशा लावून थांबला,
तिसऱ्या दिवशी त्याला टेकूनच झोपला.
प्रल्हाद मात्र रोज त्यावरून टांग टाकून जायचा.
कडी आहे, मी म्हणायचे.
माणसाला कशाला कडी, म्हणायचा.

प्लास्टर मांडीपर्यंत आहे.
सहा आठवडे. डॉक्टर दुसरे.
कमोड वरच्याच मजल्यावर, म्हणून
चौघांनी खुर्चीसकट वर चढवला.
खुर्ची मावेना तेव्हा वाजेदनं गेट
बिजागरीवरून उचललं, आत घेतल्यावर परत बसवलं,
आणि या वेळी हसला नाही. जिना उतरेपर्यंत तरी.

हुरड्याला मी सकाळ-संध्याकाळ उचलून खाली नेते,
सतरा किलो.
प्रल्हादला नाही नेता येत.
लॅबला निघताना कडी लावते.

संध्याकाळी जिना चढताना
आधी सळयांना टेकलेलं नाक दिसतं,
मग खुर्चीचे पाय, मग पांढरं प्लास्टर,
त्यावर माझ्या अक्षरात: कडी उघडून जाणे.
पेपरमधून मान न काढता प्रल्हाद विचारतो,
आज किती उगवले?
ब्याण्णव, मी म्हणते,
आणि भाजीची पिशवी डाव्या हातात घेऊन
उजव्या हातानं कडी काढते.