डावं-उजवं

गुरुवारी रात्री आठनंतर एलिएसेरच्या सलूनचं शटर
अर्धं खाली येतं, आणि आम्ही वाकून आत शिरतो.
काखेत तीन तबकड्या. चौथी आणली तर परत पाठवायची.
नियम माझा. वहीही माझ्याचकडे असते,
साखर कारखान्याच्या हिशेबाची, लाल कडांची;
एकोणीस वर्षांची भांडणं तिच्यात
क्रमांक घालून लावलेली.

हे दिवस ऊस जाळायचे.
काली शहरावर काळी राख उतरत राहते,
खिडकी लावली तरी एखादी पापडी
फिरत्या तबकडीवर येऊन बसतेच.
नुबिया ती फुंकरीनं उडवते.
बोट लावेल त्यानं बोलणी खावीत.

यादी वर्षातून एकदाच. अल्बम दहाच.
दहा म्हणजे किती कमी असतात
ते कधी यादी न केलेल्याला नाही कळायचं.
अकरावा रात्रभर उशाशी बसून राहतो.

ओव्हिदियो शिंप्याचा पहिला नंबर मात्र
मी न विचारताच लिहायचो:
'भरतीची रात्र'.
बंदरावरच्या कुठल्याशा बँडनं एकच अल्बम काढला
आणि बँड मोडला. गायक म्हणे बोटीवर आचारी झाला.
दुसरी बाजू, तिसरं गाणं, त्यातला ट्रम्पेट.
"हा माणूस वाजवत नाही," ओव्हिदियो म्हणायचा,
"हा कर्ज फेडतोय."
दरवर्षी म्हणायचा. आम्ही ओठ हलवायचो त्याच्याबरोबर.

यंदा त्याची यादी मी दोनदा वाचली.
'भरतीची रात्र' नववी.
आणि पहिली जागा एका जुन्या जाडजूड मोनो तबकडीला,
जिला तो आजवर
लग्नातल्या जेवणाचं संगीत म्हणत आला.

एलिएसेर वस्तरा पुसता पुसता उसळला.
"कानामागून आली आणि तिखट झाली?"
"चव बदलते माणसाची."
"एकोणीस वर्षांनी? एका रात्रीत?"
"तुझ्यासारखं एकाच मापानं
सगळ्यांचं डोकं भादरत नाही मी."

नुबिया गप्प होती.
ओव्हिदियोची खुर्ची बघत होती:
तिरकी लावलेली, उजवा खांदा आमच्याकडे,
दाराआडून ऐकणाऱ्या माणसासारखा.

मग मीही वहीवरून बोट फिरवलं.
वर चढलेले सगळे मोनो.
खाली घसरलेल्या प्रत्येकात
ट्रम्पेट डावीकडे.
हिशेबनीस मी, आणि बेरीज नुबियाची आधी झाली.

आयुष्यभर डावं-उजवं करत बसलेली माणसं आम्ही.
आणि हा, ज्याला
या कानानं ऐकून त्या कानानं सोडायची
साधी सोयही उरली नव्हती,
चवीवरून आमच्याशी रेटून भांडत होता.

"पिन ढिली आहे," म्हणत नुबिया कपाटामागे गेली.
दोन पिना उपटल्या, अदलाबदल करून खोचल्या.
सुई टेकली. दुसरी बाजू. तिसरं गाणं.

ट्रम्पेट उजवीकडून आला.

ओव्हिदियोनं चोंतादुरोची फोड तोंडात धरली
ती चावलीच नाही. मीठ ओठावर तसंच.
कळलं असणारच त्याला.
शिंपी आहे, उलट्या बाजूनं शिवलेलं कापड
अंधारातही ओळखतो.
नुबियाकडे मात्र त्यानं बघितलं नाही,
आणि नुबिया घंटा पुसत बसली, कधी नव्हे ती.

गाणं संपल्यावर त्यानं हात पुढे केला. मी पेन्सिल दिली.
आम्ही तिघंही एकाच आकड्याची वाट बघत होतो.
त्यानं नऊ खोडला.
चार लिहिला.

"चार?"
"ट्रम्पेट आहे," तो म्हणाला, फोड गिळून.
"पण पियानो कुठं गेला?
पियानोवाचून हा अल्बम चारच्या वर जात नाही.
मला फसवायचं नाही."

यावर जे भांडण पेटलं ते वहीत मावेना:
तो पियानो मुळात होता का कामाचा?
नुबिया म्हणाली, होता. एलिएसेर म्हणाला, छे, नुसतं फर्निचर.
मी चारचा आकडा शाईनं गिरवला.

बारानंतर शटर वर गेलं. रस्त्यावर राखेचा थर,
त्यावर आमचे बूट.
एलिएसेरचं घर दुसऱ्या टोकाला आहे,
तरी तो ओव्हिदियोबरोबर निघाला,
कोपऱ्यावर मागून वळसा घालून
त्याच्या उजव्या बाजूला आला,
आणि भांडण जिथं थांबलं होतं
तिथून पुन्हा सुरू केलं.