मोजणी

एर्झुरुमची थंडी उणे बावीस,
आणि थिएटरात होजांचं खाकरणं.
हात कशाने जास्त आखडायचे,
पहिल्या वर्षी मला सांगता आलं नसतं.

होजा म्हणजे गुरुजी. ते कधी ओरडले नाहीत.
एक खाकरा : रिट्रॅक्टर चुकला.
दोन : मीच चुकले,
या शहरात येण्यापासून.

पहिल्या वर्षाच्यांनी चहा आणायचा,
वरच्यांच्या रात्री काढायच्या.
सेरहातने एकदा भर राउंडमध्ये विचारलं,
हाच डोस का?
पुढच्या महिन्यात त्याच्या नावावर अकरा रात्री.
कुणी काही बोललं नाही.
भिंतीवरचा तक्ता तेवढा बदलला.

त्या रात्री डोंगरउतारावरून घसरलेला मेंढपाळ आला.
प्लीहा फुटलेली, बुटांत बर्फ तसाच.
पहाटे चारला होजा पोट शिवायला लागले.
मी मनात गॉज मोजले. एकोणीस.
पुन्हा मोजले.
एकोणीसच.
जीभ टाळ्याला चिकटली.
एवढ्या मोठ्या माणसाचं कसं चुकेल,
माझंच चुकत असणार,
आणि माझंच चुकत असावं अशी
मी चक्क आशा करत होते.

गुलिझार सिस्टर, निवृत्तीला चार महिने,
ट्रेवरची नजर न हलवता म्हणाल्या,
"एक कमी आहे."

खाकरा.

"एक कमी आहे, होजा."

टाके उसवले.
यकृतामागे सापडला तो,
रक्त पिऊन आतल्याच रंगाचा झालेला.
होजांनी तो ट्रेमध्ये ठेवला, टाकला नाही, ठेवला,
आणि पुन्हा शिवायला घेतलं.
मला काहीच विचारलं नाही.
विचारलं असतं तर बरं झालं असतं.

एका हाताने गाठ मारायला त्यांनीच शिकवलं,
माझी बोटं धरून, दोन हिवाळे, न कंटाळता.
गप्प बसायला कधी शिकवलं
ते त्यांनाही ठाऊक नसावं.

आता माझं पाचवं वर्ष.
माझा चहा मीच ओतून घेते.
बेरफिन नवी आहे, तिच्यावर आवाज चढवत नाही.
खाकरतसुद्धा नाही, घसा खवखवला
तरी गिळून टाकते.

काल शिवण्याआधी तिला म्हटलं,
"मोज. मोठ्याने मोज."

तिने ट्रेकडे पाहिलं नाही.
आधी माझ्या मास्कवरच्या डोळ्यांकडे पाहिलं,
मला किती हवेत
ते वाचायला.