मोजणीत नसलेला

सकाळी साडेआठला, बाकूच्या जुन्या वेशीपाशी
तुराना बसमध्ये चढते आणि माणसं मोजते.
बोटाने नाही, हनुवटीने.
वीस, म्हणते. मग मला: चला, एल्देनिझ.
मी त्या विसांत नाही.
गेली बावीस वर्षं कुणाच्याच विसांत नाही.

मी आरशात बघून सहल करतो.
धगधगता डोंगर मला माहीत आहे तो
परत येणाऱ्यांच्या तांबूस गालांवरून,
त्या जळक्या वासावरून, जो पुढे तासभर
पडद्यांत बसून राहतो, फुकट्या प्रवाशासारखा.
खडकांवर कोरलेले बैल, नाचणारी माणसं, एक होडी,
हे सगळं एका पोराने मला
काचेवर फुंकर मारून, बोटाने काढून दाखवलं होतं.
दुरून डोंगर साजरे म्हणतात.
माझे पार्किंगमधूनच साजरे:
इंजिन बंद, हँडब्रेक वर,
बारीक कमरेच्या ग्लासात चहा, दाताखाली साखरेचा खडा.
समुद्रावरून वारा सुटला की बस जागच्या जागी डुलते
आणि रिकाम्या सीटा कुरकुरतात.

आज शेवटच्या थांब्यावर, चिखलाच्या ज्वालामुखींपाशी,
सातव्या सीटवरची सनूबर खाला उतरलीच नाही.
गांजाहून आलेली. भाच्याने तिकीट काढून दिलेलं,
गुडघ्यांना न विचारता.
"तू नाही जात?"
"मी ड्रायव्हर आहे."
"ते दिसतंय. मी ते विचारलं का?"
मी चहा ढवळत राहिलो. साखर घातलेली नव्हती.
"बरं, सांग तरी. काय आहे तिथं?"

मग मी सांगितलं. बावीस वर्षांचं ऐकीव.
जमीन उकळते, खाला, पातेल्यात खीर रटरटावी तशी.
बुडबुडा येतो, फुगतो, फुगतो, आणि बुळ्ळ.
हात लावाल तर सालटं निघेल.
"तू पाहिलंस?"

तिने थर्मासचं झाकण पुढे केलं.
"जा. घेऊन ये."
"पोळेल."
"फडकं गुंडाळ."

मी उतरलो.
माझ्या बुटांना त्या मातीची ओळख नव्हती.
करडी, भेगाळलेली, वाळलेल्या भाकरीसारखी माती,
आणि मधेच बुटके सुळके, माणसाच्या खांद्याएवढे.
तुरानाचं वाक्य मला बघून अर्ध्यात थांबलं.
मी काठावर ओणवा झालो, आरसा पुसायच्या फडक्यात हात,
तोंड वळवलेलं, डोळे जवळजवळ मिटलेले,
आणि झाकण बुडवलं.
थांबलो, चटका बसायची वाट बघत.
मग फडकं काढलं.

थंड.
विहिरीच्या आतल्या दगडासारखं थंड.
बावीस वर्षं मी खिडकीतून पोरांना ओरडत आलो होतो,
जपून रे, भाजेल!
आणि एकाही पोराने परत येऊन सांगितलं नाही.
किंवा सांगितलं असेल. इंजिन चालू असेल.

खालाने बोट बुडवलं, हसली, खोकेपर्यंत हसली.
"हेच का तुझं उकळणं?
माझा नवरा अस्साच. आवाज केवढा!"
मग बोट तसंच हवेत धरून, खिडकीबाहेर बघत:
"मीपण फडकं गुंडाळूनच हात लावला त्याला.
एकेचाळीस वर्षं."

मला काय बोलावं ते कळेना.
मी आठव्या सीटवर बसलो.
तिथून रस्ता वेगळा दिसतो,
आरशात माझी खुर्ची दिसते, रिकामी,
पाठीवर माझ्या पाठीचा खळगा.
खालाने स्कर्ट वर सरकवून
गुडघ्याला तो चिखल लेपला, शांतपणे,
तव्याला तूप लावावं तसा.

लोक आले, धापा टाकत, बूट आपटत.
तुरानाने हनुवटी उचलली.
एकवीस.
पुन्हा मोजलं. एकवीस.
"एक जास्त आहे," ती म्हणाली,
आणि सीटांवरून नजर फिरवत
त्या जास्तीच्या माणसाला शोधू लागली.

मी लगेच उठलो नाही.