ठणका

सकाळी आठला फोन: रांगेत तुमचा नंबर एकोणीस.
तीन आठवड्यांनी मिळाली दहा मिनिटं,
त्यातली चार गेली शब्द शोधण्यात.
कळ नाही, चमक नाही, ठसठस तर नाहीच.
प्रिचर्डबाईंनी विचारलं, एक ते दहात किती?
म्हटलं, ठणका.
मराठीतच निसटलं तोंडून.

त्यांनी पेन खाली ठेवलं.
"आमच्या वेल्शमध्येही आहे असा एक.
वडील म्हणायचे, खाणीतून आल्यावर.
इंग्रजीत तो मावत नाही."
मग माझा गुडघा दोन्ही हातांत धरून
खिडकीकडे बघत राहिल्या.

गोळी? तीच, पॅरासिटामॉल.

लानेलीच्या बसस्टॉपवर मेसेज: समाधानी आहात का?
पाच तारे, खाली रिकामी चौकट.
चौकटीत लिहिलं,
गुडघा दुखतोच आहे.
तारे पाचही दिले.